सरांचा तांब्या

सर दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल ठेवायचे आणि लिहायला मात्र खिशातला पेन काढायचे. वर्षभरात त्या दोन पेन्सिलींपैकी एकही मी कागदाला टेकलेली पाहिली नाही. माझ्या शेजारी बसणारी नसीमा म्हणायची, "ताई, त्या पेन्सिली न्हायत, मोबाइलचे टॉवर हायेत. वरनं काय तर येत आसंल त्यांना."

गळ्यात मफलर. सोलापूरचा एप्रिल, वर्गातल्या माठातलं पाणीसुद्धा दुपारी चहासारखं लागायचं, तरी मफलर निघायचा नाही. "कलावंताचा गळा झाकलेला असावा," असं ते म्हणायचे. गळ्याचा आणि चित्राचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. मी तर विचारणं शक्यच नव्हतं. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघत बोलायची मला लहानपणापासून सवय आहे. सरांच्या चपला मी आजही ओळखीन. डाव्या चपलेचा पट्टा तारेनं बांधलेला होता.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, करमाळ्याकडच्या एका वस्तीवर. लग्न होऊन कुंभारीला आले आणि सुपात हात घातला तो घातलाच. पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, विडी वळायची, दोरा गुंडाळायचा. आमच्या वसाहतीत एक बाई मुक्त शाळेचे फॉर्म घेऊन आल्या. रोज शाळेत न जाता, घरी पुस्तकं वाचून दहावी करायची. सगळे विषय एकदम द्यायची गरज नाही, एकेक सोडवला तरी चालतो. रविवारी फक्त शहरातल्या एका शाळेत वर्गाला जायचं. "चित्रकला घ्या आधी," त्या म्हणाल्या, "त्यात कुणी नापास होत नाही."

मी चित्रकला घेतली ती त्यासाठी नाही. मला काढायला आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही होतं असंही वाटलं नव्हतं.

घरी आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, फॉर्मवर सही केली, पण आधीच सांगून ठेवलं, "हा एक विषय काढून दाखव. निघाला तर पुढचं बघू. न्हाय निघाला तर परत फॉर्म-बिर्म काय न्हाय, रविवारबी सुपातच." सासूबाई आतून म्हणाल्या, "व्हय, चित्रं काढून का पोट भरतंय?" तेव्हा माझा दहावीचा सगळा रस्ता त्या एका विषयातून जात होता, आणि त्या विषयाच्या दारात सर उभे होते.

आम्ही वर्गात तेवीस जण होतो. बहुतेक बायका, काही पोरं, एक रिक्षावाले काका. सर एका कापडदुकानाची जुनी पिशवी घेऊन यायचे. त्या पिशवीत त्यांचा सगळा संसार: एक पितळी तांब्या, मेणाची दोन सफरचंदं आणि जांभळं मखमलीचं कापड. एका सफरचंदाला उंदरानं कुरतडलं होतं, ती बाजू ते मागं करून ठेवायचे. टेबलावर खडूनं आधीच गोल आखलेले असायचे. तांब्या मोठ्या गोलात, सफरचंदं छोट्या गोलांत. चुकून कुणाचा धक्का लागला तर सर, देवाची मूर्ती पडावी तसे, ओरडायचे.

मग शिकवणं सुरू व्हायचं. "कागदाच्या वरून चार बोटं सोडा. तिथं तांब्याचं तोंड. तिथून सहा बोटं खाली, तिथं पोट. पोटाच्या उजवीकडं सफरचंद. त्याच्या मागं दुसरं सफरचंद, अर्धंच. चला, म्हणा."

आणि आम्ही म्हणायचो. पाढ्यासारखं, सुरात. चार बोटं तोंड, सहा बोटं पोट. रिक्षावाले काका सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. शाळेचा शिपाई खिडकीतून डोकावून हसून जायचा.

एकदा मी मान वर करून तांब्याकडं बघत होते. त्याच्या गळ्याशी एक पोचा होता, तो मला फार आवडला होता. तांब्या वापरातला वाटायचा त्यामुळं. सर आले आणि टेबलावर पट्टी आपटली.

"तांब्याकडं काय बघताय, बाई? कागदाकडं बघा! तांब्या पाठ झाला पाहिजे. परीक्षेत काय तांब्या घरी न्यायला देणार आहेत का?"

मी परत कागदावर चार बोटं मोजायला लागले.

सावलीचंही तसंच. सरांच्या सगळ्या चित्रांत सावली उजवीकडं. आमच्या वर्गाची खिडकी उजवीकडंच होती, तेव्हा तांब्याची सावली रोज आमच्या डोळ्यांदेखत डावीकडं पडायची. सहा-सात रविवार मी ते बघितलं. आठव्या रविवारी कुठून बळ आलं कोण जाणे, मी त्यांच्या चपलांकडं बघत म्हणाले, "सर, सावली तर डावीकडं हाय."

सरांनी माझा फॉर्म आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुमचं शिक्षण चौथी ना?"

"व्हय."

"चौथीला सावली डावीकडं असते. दहावीला उजवीकडं."

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? त्यानंतर वर्ग संपेपर्यंत मी कागदावरून मान वर केली नाही. सरांना वाटलं, शिकली.

लेखी परीक्षेसाठी सरांकडं एकच उत्तर होतं. चित्र देवाचं असो, घोड्याचं असो की नुसत्या रंगांच्या ठिपक्यांचं असो, लिहायचं असं: "या चित्रातील रेषा लयबद्ध असून रंगसंगती मनोहर आहे व चित्रकाराने भाव उत्तम दाखवला आहे." नसीमानं विचारलं, "सर, आनि चित्र रंगीत नसंल तर?" सर म्हणाले, "तर मनोहर राहू द्या, रंग खोडा."

जेवणाच्या सुटीत सर डबा आणायचे नाहीत, सगळ्यांच्या डब्यांची 'रंगसंगती' बघायचे. बघायचे म्हणजे खायचे. माझ्या डब्यातली शेंगाची चटणी दोन बोटांनी उचलून म्हणायचे, "हिचा रंग तपकिरीकडं झुकलाय." आणि झुकलेली सगळी संपवायचे. नसीमाच्या आईनं केलेल्या खिम्याबद्दल त्यांनी एकदा लय हा शब्द वापरला, तेव्हा नसीमा मला म्हणाली, "ताई, यांना लेखी पेपर डब्यावर द्यायला पायजे होता."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण फाइलीचं मला सोडता आलं नाही.

परीक्षेला वर्षभरात घरी काढलेली बारा चित्रं फाइलमध्ये लावून द्यायची असतात. त्याला गुण असतात. मी ती मनापासून काढली. दुपारी माल कारखान्यात घालून आले की भाकरीला अजून वेळ असायचा, तेवढ्यात. सूप काढलं, पानांच्या गठ्ठ्यासकट. दोरीवर वाळत घातलेली लुगडी काढली. भिंतीला टेकवलेली सायकल काढली, तिच्या तारा मोजून. सासूबाई पाय पसरून विड्या वळत बसतात, त्यांचे नुसते पाय काढले. टाचांना भेगा, बोटात जोडवं रुतलेलं. ते चित्र सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "माझं तोंड का न्हाय काढलंस?" पण लुगडं ओढून पाय झाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बघत असताना तसेच पसरून बसल्या.

ती बारा चित्रं मी सरांपुढं ठेवली. कंडक्टर तिकिटं बघतो तशी त्यांनी ती बघितली.

"हे काय?"

"सासूबाईंचे पाय."

"पाय परीक्षेत येत नाहीत. आणि हे?"

"सूप. विड्यांचं."

"बाई, विडी चित्रात आली की चित्राला व्यसन लागतं." ते स्वतःच्या वाक्यावर थोडं थांबले, कुणी लिहून घेतंय का बघितलं. मग कागद दोन बोटांत चोळून म्हणाले, "कागद मात्र चांगला घेतलाय. ठेवा इथं."

तीन रविवारांनी सरांनी तेवीस फाइली टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत बारा चित्रं, सगळी त्यांनी स्वतः काढलेली. तांब्या समोरून, तांब्या बाजूनं, एक सफरचंद, दोन सफरचंदं, कापडावर सफरचंद. तेवीस फाइलींत तीच बारा, तेवढ्याच बोटांवर, सगळ्यांची सावली उजवीकडं. "तुमच्यासाठी महिनाभर खपलोय," ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या मधल्या बोटाला घट्टा आला होता. "आता फक्त सह्या करा. एकही नापास होणार नाही."

वर्गात आनंद झाला. रिक्षावाल्या काकांनी सरांचे पाय धरले. माणसाला आपण दान केलं असं वाटलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी, चपलांवरून नजर जरा वर करून, बघितलं.

मी माझी फाइल उघडली. कागद ओळखीचे वाटले. एक उलटा केला तर मागं सासूबाईंचे पाय. दुसऱ्याच्या मागं सूप. तिसऱ्याच्या मागं सायकल, उलटी झालेली, चाकं वर. माझ्याच कागदांच्या पाठीवर त्यांनी आपला तांब्या काढला होता.

"कागद वाया घालवू नये," सर म्हणाले. "सही करा, बाई."

आमच्या कामात विडी विडीसारखी लागते. एक जाड, एक बारीक झाली की कारखान्यात तपासणारा ती बाजूला फेकतो आणि त्याचं बरोबर असतं. विडीच आहे ती. पण माझ्या सासूबाईंचे पाय बाजूला फेकायला हे कोण? हे सगळं माझ्या मनात आलं, तोंडात आलं नाही. मालकांचं बोलणं आठवलं. सरांच्या तांब्यावर पास होणार असेन तर निदान पुढचा फॉर्म तरी मिळेल. मी सही केली. बारा वेळा केली, आणि प्रत्येक सहीला मला माझीच लाज वाटली.

परीक्षेला बाहेरच्या मॅडम आल्या, अकलूजकडच्या एका शाळेतल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. सरांनी आपली पिशवी पुढं केली, "मॅडम, वस्तू मी आणल्यात, मांडून देतो."

"नको, सर. मी बघते."

त्या बाहेर गेल्या आणि शिपायाकडून बादली घेऊन आल्या. पत्र्याची, कड वाकलेली. टेबलावर ठेवली, कडेवर फरशी पुसायचं फडकं टाकलं आणि बाजूला स्वतःच्या पिशवीतली दोन वांगी ठेवली. "हं, काढा. जसं दिसतं तसं."

सर दारात उभे होते, त्यांना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी हळूच हात वर करून चार बोटं दाखवली.

आणि सगळ्यांनी कागदाच्या वरून चार बोटं सोडली.

माझाही हात गेला. खोटं कशाला सांगू? वर्षभर पाठ केलेलं, हात आपोआप चालतो. तांब्याचं तोंड काढून झालं तेव्हा मी मान वर केली आणि बादली दिसली. मी खोडलं. मग बादलीकडंच बघत राहिले. वाकलेली कड, त्यावर लोंबणारं फडकं. सावली कुठं पडली होती तिथं काढली.

अर्ध्या तासानं मॅडम फिरायला लागल्या. रिक्षावाल्या काकांपाशी थांबल्या.

"काका, हे काय काढताय?"

"तांब्या, मॅडम."

"तांब्या कुठंय?"

काकांनी टेबलाकडं बघितलं, मग दाराकडं. "सरांच्या पिशवीत हाय की."

मॅडम पुढच्या बाकावर गेल्या. तिथंही तांब्या. त्याच्या पुढंही. नसीमानं तांब्या काढून त्याला बादलीची कडी लावली होती. मॅडमना आधी हसू आलं, मग ते गेलं. त्यांनी सगळ्यांना नवीन कागद दिले. "हात पाठ झालाय तुमचा. डोळे उघडा आणि परत काढा. वेळ वाढवून देते." पोरं घाबरली, बायका रडायच्या बेतात आल्या, पण काढायला लागल्या.

तोवर मॅडमनी फाइली बघायला घेतल्या. एक बघितली, दुसरी बघितली, तिसरी उघडून पहिलीशेजारी ठेवली. सर आत आले, "मॅडम, माझी मुलं एका हाताची आहेत."

"दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "एकाच हाताची आहेत."

माझी फाइल हातात आली तेव्हा त्यांना कागदाच्या पाठीवर काहीतरी दिसलं. त्यांनी कागद उलटा केला. मग दुसरा. मग बाराच्या बारा. माझं नाव वाचलं. मी उभी राहिले.

"दोन्ही बाजू तुमच्याच?"

माझ्या जिभेचं नेहमीचं झालं. खरं सांगितलं तर सगळ्या वर्गाच्या फाइली बुडतात, नसीमाची, काकांची. गप्प बसले तर सासूबाईंचे पाय परत पाठीमागं जातात. मी चपलांकडं बघत राहिले. उत्तर सरांनीच दिलं.

"दोन्ही त्यांच्याच, मॅडम. मागची बाजू शिकण्याआधीची. पुढची शिकल्यानंतरची."

"मग शिकून फार बिघडल्या म्हणायच्या," मॅडम म्हणाल्या.

सर हसले, कारण त्यांना ते कळायला वेळ लागला.

"बाई, मला माझी खात्री करायची आहे," मॅडमनी मला कोरा कागद दिला. "मागची बाजू ज्यांनी काढली, त्यांनी माझ्यासमोर काढून दाखवावं. बादली झाली. आता जिवंत काहीतरी काढा. कुणालाही."

मला कुणाकडं बघवेना. ज्यांच्याकडं बघावं ते मान खाली घालत होते. नसीमाच बोलली, "सरांना काढा की, ताई. रिकामेच उभे हायेत."

"मला?" सर म्हणाले. आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी मफलर नीट केला. खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवला. छाती पुढं काढली आणि दाराच्या चौकटीत, कुणीतरी आपला पुतळा करणार असल्यासारखे, उभे राहिले. आपण पकडले गेलोय हे ते साफ विसरले होते.

मी आयुष्यात कुठल्या परक्या माणसाकडं इतका वेळ बघितलं नव्हतं. वीस मिनिटं. पहिली रेघ दोनदा खोडली. मग एक गंमत झाली. बघायला लागलं की भीती राहत नाही. ज्याच्या कानाची पाळी कुठं संपते हे आपण मोजतोय, त्याला काय भ्यायचं? केसांचा कलप कानाच्या वर एक बोटावर संपत होता, खाली पांढरं. तोंड ऐटीत, पण गुडघे उभं राहून थकलेले. हाताचं मधलं बोट घट्ट्यामुळं बाकीच्यांपासून वेगळं राहत होतं. मी ते सगळं काढलं. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही.

मॅडमनी कागद बराच वेळ धरला. मग वर्गाकडं फिरवला. काका म्हणाले, "आयला, सरच!"

सर जवळ आले. डोळे बारीक करून बघितलं. "कान मोठे झालेत."

"पेन्सिली मावायला पायजेत की, सर," नसीमा म्हणाली.

तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या. सर हसले नाहीत. थोड्या वेळानं पाणी प्यायला बाहेर गेले, तिथं नळापाशी एकटेच दोन्ही कान बोटांनी चाचपत असलेले मी खिडकीतून बघितले.

मॅडमनी माझ्या फाइलचे कागद उलटे करून लावले आणि मागच्या बाजूला गुण दिले. बाकीच्यांच्या फाइलींना अगदी काठावरचे. बादली दुसऱ्यांदा ज्यांनी धडपणे काढली ते पास झाले, काकांनी वांग्यांसकट काढली, नसीमाही पास झाली. माझाही विषय निघाला. मालकांनी निकाल मोबाइलवर तीनदा वाचला आणि म्हणाले, "चित्रकला म्हंजे काय विषय हाय व्हय? गणित काढून दाखव." पण गणिताचा फॉर्म त्यांनीच आणला.

सर अजून त्याच वर्गावर आहेत. नसीमाची धाकटी बहीण यंदा तिथं बसते. चार बोटं तोंड, सहा बोटं पोट, सगळं तसंच चालू आहे म्हणे. नव्या मुलांना ते माझी गोष्ट सांगतात, कुंभारीची एक बाई, चौथी शिकलेली, तिला मी स्वतः समोर उभं राहून शिकवलं.

ऐकून नसीमा चिडली. मी चिडले नाही. सर उभं आयुष्य ज्या थापा मारत आले, त्यांतली ही एकच खरी आहे. वर्षभर त्यांनी तोंडानं जे शिकवलं ते मला विसरावं लागलं. शिकवलं ते त्या वीस मिनिटांत, गप्प उभं राहून, न हलता.